अंगावरचा काटा आणि मेंदूचा नकाशा

चांगला शेर ऐकला की तोंडून दाद निघण्याआधीच अंगावर काटा उभा राहतो. मुशायऱ्याला जाणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. कव्वालीच्या मैफलीत बसणाऱ्याला आणि कीर्तनात रंगणाऱ्यालाही ते ठाऊक असते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत आणि त्यांत स्तंभ, स्वेद, अश्रू यांच्याबरोबर रोमांचही आहे. भरताने ते नटाच्या अभिनयाच्या संदर्भात सांगितले, हे खरे; पण नटाने अंगावर काटा दाखवायचा तर तो खऱ्या माणसाच्या अंगावर येतो, एवढे गृहीत धरावेच लागते. सौंदर्य शरीराला शिवते ही जाण आपल्याकडे जुनी आहे. वादाचा प्रश्न नेहमी पुढचा राहिला : हा काटा कशाने येतो? शेरातल्या एखाद्या गुणाने, की ऐकणाऱ्यात आधीपासून असलेल्या कशाने?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा प्रश्न साहित्याच्या वर्गातून उठून प्रयोगशाळेत जाऊन बसला आहे. ऐकणाऱ्याच्या हातावर कॅमेरा बांधतात, त्याला स्कॅनरच्या नळीत झोपवतात आणि मेंदूतल्या रक्तप्रवाहाची चित्रे काढतात. या शाखेला न्यूरोएस्थेटिक्स म्हणतात. आपण मराठीत तिला मेंदूचे सौंदर्यशास्त्र म्हणू. तिच्याबद्दल आपल्या समीक्षकांच्या दोन प्रतिक्रिया आढळतात. काही जण भारावून 'विज्ञानाने सिद्ध झाले आहे' असे लिहितात, तर काही जण नाक मुरडून 'कवितेचे मोजमाप होते का' असे विचारतात. मला दोन्ही भूमिका आळशी वाटतात. या शास्त्राचे मोठमोठे दावे बाजूला ठेवून प्रत्यक्ष प्रयोगांचे तपशील वाचले, तर त्यांत समीक्षेच्या कामाचे बरेच काही सापडते, आणि जे सापडते ते त्या दाव्यांच्या नेमके उलट बाजूला झुकलेले असते.

सौंदर्य मोजण्याची हौस काही आजची नाही. गुस्टाफ फेशनर या जर्मन संशोधकाने १८७१ साली ड्रेस्डेनमध्ये एक गंमतीदार प्रयोग केला. होल्बाईनच्या मॅडोनाची दोन चित्रे तिथे शेजारी-शेजारी मांडली होती आणि त्यांतले अस्सल कोणते यावर विद्वानांचा कडाक्याचा वाद चालू होता. फेशनरने तिथे एक वही ठेवली आणि कोणते चित्र अधिक सुंदर वाटते ते लिहा, अशी प्रेक्षकांना विनंती केली. प्रदर्शनाला अकरा हजारांहून अधिक लोक आले. वहीत लिहिले ११३ जणांनी, आणि त्यांतल्याही अनेकांनी विचारले एक, लिहिले भलतेच. पुढे १८७६ साली फेशनरने प्रायोगिक सौंदर्यशास्त्राचा पायाभूत ग्रंथ लिहिला. पण मला त्याच्या ग्रंथापेक्षा ती रिकामी वहीच अधिक बोलकी वाटते. सुंदर वाटणे आणि त्याचा जाब देता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच संशोधक हळूहळू माणसाचे शब्द सोडून त्याच्या कातडीकडे, नाडीकडे आणि मेंदूकडे वळले.

काट्याचा पाठलाग १९८० साली स्टॅनफर्डच्या अॅव्हरम गोल्डस्टीन यांनी सुरू केला. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करते, ही गोष्ट तेव्हा नुकतीच कळली होती. त्या द्रव्यांचा परिणाम अडवणारे नॅलॉक्सोन हे औषध त्यांनी दहा जणांना टोचले आणि त्यांचे आवडते संगीत ऐकवले. दहापैकी तिघांचा रोमांच कमी झाला. प्रयोग लहानच होता, पण दार उघडले. नंतर २००१ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी, संगीताचे शिक्षण घेतलेल्या दहा जणांना ज्या संगीताने हमखास काटा येतो ते संगीत निवडून आणायला सांगितले आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन घेतले. भूक, तहान, शरीरसुख यांनी जे भाग जागे होतात, त्यांतलेच काही भाग इथेही जागे झाले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी एवढीच बातमी उचलली.

या प्रयोगातला एक तपशील मात्र मला त्या बातमीपेक्षा मोलाचा वाटतो. तुलनेसाठी काटा न आणणारे संगीतही लागत होते. ते कुठून आणायचे? संशोधकांनी सोपी युक्ती केली. एकाचे आवडते संगीत दुसऱ्याला ऐकवले. एकाच्या अंगावर काटा आणणारी रचना दुसऱ्याच्या बाबतीत थंड, उदासीन संगीत म्हणून वापरता आली. काटा रचनेतच भरून ठेवलेला असता तर हा प्रयोग मांडताच आला नसता. पण हा निष्कर्ष म्हणून कुठे लिहिलेला नाही, तो प्रयोगाच्या मांडणीतच दडलेला आहे.

त्याच प्रयोगशाळेतून २०११ साली वॅलोरी सलिमपूर यांचे काम आले. त्यात असे दिसले की डोपामिन हे द्रव्य दोन वेळा, मेंदूच्या दोन शेजारच्या भागांत पाझरते. प्रत्यक्ष काट्याच्या क्षणी एका भागात पाझरते, आणि त्याआधी, तो क्षण येणार येणार अशी चाहूल लागलेली असताना, दुसऱ्या भागात. सुखाचा मोठा वाटा वाट पाहण्यात आहे, असा याचा अर्थ. इंतजारावर एवढी शायरी लिहिलेल्या परंपरेला यात नवे काय वाटावे! तरीही 'वाट पाहण्यात सुख आहे' ही कवीची उक्ती आणि वाट पाहण्याची जागा मेंदूत वेगळी दाखवता येणे, यांत फरक आहे. पहिलीवर वाद घालता येतो, दुसरी निदान तपासून घेता येते.

कवितेपर्यंत हे संशोधन पोहोचायला २०१७ साल उजाडले. फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेशी संबंधित ऑयगेन वासिलिविट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन भाषकांना कविता वाचून दाखवल्या. त्यांत ऐकणाऱ्यांनी स्वतः निवडलेल्या कविताही होत्या. हातावर लहानसा कॅमेरा होता, कपाळाच्या स्नायूंवर तारा होत्या. तीन गोष्टी दिसल्या. काटा कवितेत कुठेही विखरून येत नाही. तो ओळीच्या, कडव्याच्या आणि कवितेच्या शेवटाला दाटून येतो. काट्याच्या काही सेकंद आधीच मेंदूतल्या सुखाच्या वाटा जाग्या होऊ लागतात. आणि काटा येत असताना भुवया आक्रसणारा स्नायू ताणला जातो, म्हणजे चेहरा आनंदाचा नसतो, कळवळल्याचा असतो. शोकातून सुख कसे मिळते, या करुण रसाच्या जुन्या कोड्याला हा एक छोटा शारीर पुरावा आहे.

यातला पहिला निष्कर्ष गझल वाचणाऱ्याने जरा थांबून पाहण्यासारखा आहे. शेर दोन मिसऱ्यांचा. शायर पहिला मिसरा म्हणतो आणि थांबतो. पुन्हा तोच मिसरा म्हणतो. समोरचे लोक मिसरा उठवतात, म्हणजे स्वतःच तो त्याला परत देतात. या सगळ्या वेळात अर्थ एक पाऊलही पुढे जात नाही, पुढे जाते ती फक्त अपेक्षा. मतला होऊन गेलेला असतो, म्हणून रदीफ सगळ्यांना पाठ झालेली असते आणि काफियाचा ध्वनीही कानात बसलेला असतो. दुसरा मिसरा सुरू होतो, आणि अर्ध्यावर येताच जाणकारांच्या ओठांवर काफिया आलेला असतो. तो त्यांना वाटला तोच असतो, किंवा तो नसतो. रदीफ मात्र सगळे मिळून म्हणतात. अपेक्षा वाढवून तिला ओळीच्या शेवटी नेऊन फोडण्याचे यापेक्षा पक्के यंत्र मला दुसऱ्या काव्यप्रकारात दिसत नाही. फ्रँकफुर्टच्या आलेखावर ज्या जागा उंच दिसल्या, त्याच जागांवर गझलेने काफिया आणि रदीफ बसवून ठेवले आहेत.

मग प्रत्येक तंत्रशुद्ध गझलेने काटा का येत नाही? माधव जूलियनांपासून मराठी गझल लिहिली जाते आहे. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या लोकांच्या हाती नियम दिले. त्यानंतर मराठीत वृत्त न चुकणाऱ्या, काफिया न मोडणाऱ्या गझलांचा पूर आला. त्यांतल्या पुष्कळशा वाचताना मन जागचे हलत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. इथे २०१९ सालचा एक प्रयोग उपयोगी पडतो. व्हिन्सेंट चंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४५ लोकप्रिय इंग्रजी गाण्यांतल्या सुमारे ८०,००० स्वरसंघांचा संगणकाने अभ्यास केला. पुढे काय येणार याची ऐकणाऱ्याला किती खात्री असते आणि जे आले त्याने तो किती चकित होतो, ही दोन्ही मापे त्यांनी वेगळी काढली. दोन प्रसंगी सुख अधिक होते. खात्री दांडगी असताना धक्का बसला तर, किंवा काहीच खात्री नसताना अपेक्षित तेच आले तर. खात्री होती आणि तेच आले, यात फारसे सुख नव्हते.

आपल्या तंत्रशुद्ध गझलांचे दुखणे नेमके हेच आहे. 'प्राण' म्हटले की पुढे 'बाण' येणार हे वाचकाला कळते, आणि तो येतोही. चांगल्या शेरात काफिया ध्वनीने ओळखीचा आणि अर्थाने अनोळखी असतो. कानाची खात्री पुरी होते आणि त्याच क्षणी मनाची खात्री मोडते. हे दोन्ही एकाच शब्दात घडावे लागते. बाराखडी पहिल्या अर्ध्यापुरती मदत करते. दुसऱ्या अर्ध्यासाठी शायराला आपल्या ऐकणाऱ्यांच्या मनात काय साचले आहे ते ठाऊक असावे लागते, आणि ते कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाही.

इथवर हे शास्त्र समीक्षेचा चांगला सोबती आहे. बिघडते ते नियम सांगायला निघाल्यावर. व्ही. एस. रामचंद्रन यांनी विल्यम हर्स्टीन यांच्याबरोबर १९९९ साली कलेचे आठ नियम मांडले. रामचंद्रन लिहितात मोठे रंजक, आणि रस ही संस्कृत कल्पना त्यांनी पाश्चात्त्य मेंदूशास्त्राच्या चर्चेत आणली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्यांचा आवडता नियम अतिशयाचा. समुद्रपक्ष्याचे पिल्लू आईच्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोची मारून अन्न मागते. निको टिनबर्गन यांनी दाखवले की आईऐवजी लाल पट्टे ओढलेली काडी धरली तर पिल्लू आणखी जोराने टोच्या मारते. रामचंद्रन म्हणतात, चोळकालीन कांस्यमूर्तीतली पार्वती म्हणजे आपल्यासाठी अशीच काडी : स्त्रीदेहाचे जे लक्षण आहे ते वाढवून दाखवलेले. ठीक आहे. पण ही वाढ बाजारातल्या भडक कॅलेंडरातही असते, सिनेमाच्या पोस्टरातही असते. ते चित्र आणि ती मूर्ती यांत फरक काय, यावर हा नियम गप्प आहे. जो नियम चांगल्याला आणि वाईटाला सारखाच लागू पडतो, तो समीक्षेच्या काय कामाचा?

नियमांचा मोह आपल्याकडेही होता. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम सांगितले, आणि ते इतके नेटके आहेत की आजच्या मेंदूशास्त्रज्ञाच्या हातून सुटून आल्यासारखे वाटावेत. पुढे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये आणि प्रभाकर पाध्यांनी 'सौंदर्यानुभव' (१९७९) मध्ये हा वाद मराठीत पुष्कळ खोल नेला. मेंदूचे सौंदर्यशास्त्र मराठीत आणू पाहणाऱ्यांनी आधी ही पुस्तके वाचावीत, निम्मा उत्साह तिथेच आटोक्यात येईल.

आणि त्याहीआधी इब्न अल्-हैसम वाचावा. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत काम केलेला हा शास्त्रज्ञ आपण प्रकाशाचे किरण आणि अंधारी कोठी यांच्यापुरता लक्षात ठेवतो. अकराव्या शतकात लिहिलेल्या त्याच्या 'किताब अल्-मनाझिर' या ग्रंथात सौंदर्य डोळ्यांना कसे जाणवते यावर एक सविस्तर विवेचन आहे. प्रकाश, रंग, अंतर, आकार, गती, स्थिरता अशा दिसणाऱ्या २२ गुणांची तो यादी देतो आणि प्रत्येक गुण सौंदर्य कसे घडवतो ते उदाहरणांनी दाखवतो. पण लगेच सांगतो की एकच गुण प्रत्येक रूपात सौंदर्य घडवीलच असे नाही. गुण एकत्र येतात आणि त्यांचे प्रमाण जुळते तेव्हा खरे सौंदर्य येते. उदाहरण तो हस्ताक्षराचे देतो. अक्षरांचे आकार, माप, जागा आणि क्रम एकमेकांना साजेसे असले तरच लेखन सुंदर. पाहण्याचेही तो दोन प्रकार करतो, ओझरते आणि निरखून. निरखण्यात आठवण आणि निवाडा करणारी बुद्धी काम करते, डोळा एकटा नसतो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. हजार वर्षांनी आठ नियम सांगणाऱ्यांपेक्षा हा माणूस अधिक सावध होता, असे माझे मत आहे. 'आमच्याकडे सगळे आधीच होते' या थाटात मी हे म्हणत नाही. त्याच्याकडे स्कॅनर नव्हता, पण अपवाद मान्य करण्याची शिस्त होती.

आता मेंदूतल्या सौंदर्याच्या जागेकडे वळू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे सेमीर झेकी यांनी हिदेआकी कावाबाता यांच्याबरोबर २००४ साली दाखवले की सुंदर वाटलेले चित्र पाहताना, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे असलेला मेंदूचा एक भाग अधिक जागा होतो. पुढे २०११ साली चित्र आणि संगीत दोन्हींसाठी हाच भाग सापडला. आणि २०१४ साली पंधरा गणितज्ञांना ६० समीकरणे दाखवली, तेव्हा सुंदर वाटलेल्या समीकरणांसाठीही तोच. त्यात ऑयलरचे सूत्र सर्वांत सुंदर ठरले, आणि कुरूप ठरण्याचा मान मिळाला तो आपल्या रामानुजन यांच्या पाय या संख्येसाठीच्या अनंत श्रेणीला! हे वाचून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. सोपे, आटोपशीर ते सुंदर, अशी ज्या गणितज्ञांची तालीम झालेली असते त्यांना ती श्रेणी ओबडधोबड दिसणारच.

हा कपाळामागचा भाग सौंदर्याचे घर आहे, असे मात्र म्हणता येत नाही. चांगले अन्न, पैसा, सुगंध, देखणा चेहरा, सगळ्यांसाठी तो जागा होतो. शिवाय तो फसतो. हिल्का प्लासमान आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एकच वाइन लोकांना दोनदा चाखायला दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. (उदाहरण दारूचे आहे, वाचकांनी मुद्दा चवीचा समजून सोडून द्यावे.) महाग सांगितलेली वाइन अधिक चांगली लागली, असे लोक नुसते म्हणाले नाहीत, त्यांच्या मेंदूचा हाच भाग अधिक जागा झाला. दुसऱ्याच वर्षी, २००९ साली, उल्रिक कर्क यांच्या गटाने असाच प्रयोग अमूर्त चित्रांवर केला, आणि या गटात झेकीही होते. काही चित्रे कलादालनातली म्हणून दाखवली, काही संगणकाने काढलेली म्हणून. कलादालनाचे नाव लागले की त्या भागाची हालचाल वाढली.

या प्रयोगापाशी मी सर्वांत अधिक थांबतो. नावाचा परिणाम निवाड्यावर होतो, हे आपल्याला ठाऊक होते. नावाचा परिणाम सुखावरच होतो, म्हणजे वाचक खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच कमी किंवा अधिक सुख झालेले असते, ही गोष्ट निराळी आहे आणि अधिक गंभीर आहे.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकाला या पाटीचा अनुभव नवा नाही. कवितेखाली मुस्लिम नाव दिसले की वाचणारा आधीच काहीतरी शोधू लागतो. तलाक, बुरखा, दंगल, मोहल्ला, किंवा निदान दोन-चार उर्दू शब्द. कविता पावसावर असली तर तो जरा गोंधळतो. भाषा चांगली असली तर 'मराठी किती शुद्ध आहे' अशी दाद येते, आणि ती दाद देणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो हेच तिचे वैशिष्ट्य आहे. आपली अपेक्षा आणि समोरची ओळ यांच्या भेटीतून सुख जन्मते, हे वर आपण पाहिले. अपेक्षाच चुकीच्या जागी बसवलेली असेल तर चांगली ओळही रिकामी जाते. उलटही घडते. सगनभाऊंच्या लावण्या ऐकताना ते मुसलमान होते हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात असते? शेख महंमदांचे अभंग वारकरी म्हणतात तेव्हा नावाची पाटी कुठे आड येते? तिथे कान आधी तयार झाला, नाव नंतर कळले. नाव झाकून आणि नाव बदलून मराठी कविता वाचायला द्याव्यात, असा प्रयोग एखाद्या विद्यापीठाच्या मराठी आणि मानसशास्त्र विभागांनी मिळून करण्यासारखा आहे. त्याला स्कॅनर लागत नाही, कागद पुरतो. आणि तो आपणही आपल्यावर करून पाहावा. आपल्यापैकी कितीजण आपल्या माणसाची सुमार कविता केवळ नावासाठी गोड मानून घेतात, तेही त्यात उघड होईल.

पाटीपलीकडे ऐकणाऱ्याचे स्वतःचे काय, हा प्रश्न उरतो. न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड व्हेसल, गॅब्रिएल स्टार आणि नावा रुबिन यांनी २०१२ साली सोळा जणांना १०९ चित्रे दाखवली आणि प्रत्येक चित्र किती हलवून गेले त्याला एक ते चार गुण द्यायला सांगितले. कोणाचे गुण कोणाशी फारसे जुळले नाहीत. पण ज्याने ज्या चित्राला चार दिले, त्या चित्रासमोर त्याच्या मेंदूत एक विशिष्ट जाळे जागे राहिले. आपण स्वतःविषयी विचार करतो, जुने आठवतो, तेव्हा चालणारे हे जाळे बाहेरच्या वस्तूकडे पाहताना सहसा मंदावते. तीन गुणांच्या चित्रासमोर ते मंदावलेलेच राहिले. आवडलेले आणि आतून हलवलेले यांत अशी पायरी दिसावी, हे मला या सगळ्या संशोधनातले सर्वांत सुंदर फलित वाटते.

पण इथे काश्मीरच्या अभिनवगुप्ताशी गाठ पडते. रसाच्या आड येणाऱ्या विघ्नांत त्याने स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे हेही एक विघ्न सांगितले आहे. नाटक पाहताना आपलीच चिंता आठवत बसणारा रसिक नव्हे. मग चार गुणांच्या चित्रासमोर 'स्व'चे जाळे जागे होते ते कसे? मला हा विरोध वरवरचा वाटतो. अभिनवगुप्तही रसिकाच्या मनातले संस्कार, वासना, मागचे साचलेले मानतोच, आणि त्यांच्याशिवाय रस नाही असे सांगतो. त्याला नको आहे ते 'माझे' म्हणून कवटाळणे. आतले जागे व्हावे आणि तरी ते फक्त आपले राहू नये, एवढी बारीक रेषा रक्तप्रवाहाच्या चित्रात दिसत नाही.

गझालींनी (१०५८–११११) 'इह्या'तल्या समाअ आणि वज्द यांवरच्या प्रकरणात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने धरली आहे. समाअ योग्य की अयोग्य हा त्यांचा मुख्य प्रश्न, आणि त्याची उत्तरे आपल्यात आजही वेगवेगळी आहेत. त्यात मी पडत नाही. पण वाटेत त्यांनी ऐकणाऱ्याच्या मनाचे जे निरीक्षण केले आहे ते थक्क करणारे आहे. छंदाचा परिणाम, सुराचा परिणाम, पहिल्यांदा ऐकलेल्याचा आणि वारंवार ऐकलेल्याचा परिणाम ते वेगवेगळे करून पाहतात. ऐकणारा प्रत्येक ओळ आपल्या त्या वेळच्या हालतीवर नेऊन बसवतो, असे ते सांगतात. अरबी ओळ ऐकणारा फारसी भाषक तिच्यातल्या एका शब्दाचा फारसी अर्थ घेतो आणि त्या चुकीच्या अर्थानेच व्याकूळ होतो, असेही उदाहरण ते देतात. दखनी बोलणाऱ्या घरात मराठी कविता आणि मराठी शाळेत उर्दू गझल ऐकत वाढलेल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या कानात दोन भाषांच्या अपेक्षा एकाच वेळी चालू असतात. अशा कानाने लिहिलेली मराठी गझल निराळी का वाजते, याचा शोध समीक्षेने घ्यायला हवा.

कान घडतो, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा बोलिव्हियातून आला. तिथल्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना जोश मॅकडरमॉट यांच्या गटाने पाश्चात्त्य संगीतातले सुसंवादी आणि विसंवादी स्वरसंघ ऐकवले. जगभर 'निसर्गतः गोड' आणि 'निसर्गतः कर्कश' मानले गेलेले हे स्वर त्या लोकांना सारखेच बरे वाटले. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. संगीताने न हलणाऱ्या माणसाच्या प्रकृतीतच दोष असावा, ही जुनी समजूतही आता टिकत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांना २०१४ साली असे लोक आढळले की ज्यांना संगीत कळते, त्यातला भावही ओळखता येतो, पैशाचे बक्षीस मिळाल्यावर इतरांसारखाच आनंद होतो, पण संगीताने सुख होत नाही. मैफलीत कोरडा बसलेला माणूस कोडगाच असेल असे नाही.

या सगळ्या प्रयोगांत एक उणीव मला खटकत राहते. दहा, आठ, पंधरा, सोळा अशी माणसे, बहुतेक पाश्चात्त्य शहरांतली, आणि प्रत्येक जण एकटा. नळीत झोपलेला, हलू नको असे सांगितलेला, कानाला यंत्र लावलेला. मुशायऱ्यात ऐकणारा एकटा नसतो. शेजारच्याची दाद त्याच्या अंगावरून जाते, मागच्या रांगेतून आलेल्या 'मुकर्रर'ने शायराला मिसरा पुन्हा म्हणावा लागतो, आणि पहिल्यांदा ज्याला काही जाणवले नव्हते त्याला दुसऱ्यांदा ऐकताना काटा येतो. कीर्तनात टाळकरी हेच काम करतात. तो काटा त्याचा स्वतःचा की शेजाऱ्याकडून आलेला, हे एकट्याच्या स्कॅनमध्ये दिसणार नाही. त्यासाठी संशोधकांना मुशायऱ्याच्या मांडवात यावे लागेल, आणि तिथे कोणी हलू नये अशी अट घालता येणार नाही.